सगळे राबतायत, मग डबे का भरत नाहीत?

दिवाळीच्या तोंडावर आमच्याकडे कुणी डोकावलं की हमखास म्हणतं, "अगंबाई, केवढं काम चाललंय!" बेसन भाजल्याचा वास, सोऱ्याची करकर, ओट्यावर पराती, फोन घणघणतोय, कोपऱ्यात कुणीतरी वेलदोडे सोलत बसलंय. मी यातलं काहीच बघत नाही. मी दाराजवळच्या टेबलाकडे बघते. चिकटपट्टी लावलेले, वर नाव लिहिलेले डबे तिथे किती आहेत? जेवढे असतील तेवढं आज काम झालं. बाकी सगळी धावपळ.

ही नजर मला पुण्याजवळच्या भोसरीने दिली. एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी बरीच वर्षं प्रॉडक्शन प्लॅनिंगला होते. गाड्यांचे सुटे भाग बनायचे. शॉपवर, म्हणजे मशीनच्या दालनात, प्रत्येक मशीन फिरत असायचं, प्रत्येक जण घामाघूम असायचा, आणि तरी संध्याकाळचा टेम्पो अर्धा रिकामा निघायचा. पुढे नोकरी सोडली, सहकारनगरला घरीच फराळाचा व्यवसाय सुरू केला, आणि पहिल्याच दिवाळीत लक्षात आलं की हे तर तेच दुखणं आहे, फक्त तेलाचा वास वेगळा.

खालचं सगळं फराळाच्या भाषेत आहे, कारण माझा रोजचा संबंध त्याच्याशी. तुमचा मसाल्यांचा धंदा असेल, शिवणकाम असेल, नाहीतर हिंजवडीला आयटीत नोकरी असेल, तर तुमच्यासाठीही शेवटी लिहिलंय. पण आधी जरा कढईजवळ उभे राहा.

वहीत दोनच रकाने

एक साधी वही घ्या. दुरेघी, शाळेची चालेल. रोज रात्री त्यात दोनच आकडे लिहायचे: आज घराबाहेर किती डबे गेले, आणि कितींबद्दल तक्रार आली. किती तास उभे होतो, किती जणी कामाला होत्या, किती वाजता जेवलो, हे लिहायचं नाही. ते लिहिलं की माणूस स्वतःवर खूश होतो आणि आकडा बघायचा विसरतो.

अर्धवट झालेलं काम या वहीत धरायचं नाही. पातेलंभर भाजलेलं बेसन म्हणजे लाडू नव्हेत. त्यात तूप गेलंय, डाळीचे पैसे गेलेत, गॅस गेलाय, पातेल्याने ओटा अडवलाय आणि अजून एक रुपया आलेला नाही. आमच्या कारखान्यात याला 'विप' म्हणायचे, म्हणजे मशीनवर चढलेला पण पुरा न झालेला माल. हिशेबात तो मालमत्ता म्हणून दिसतो. प्रत्यक्षात तो वाटेत ठेवलेला पाट असतो, येता-जाता अडखळायला.

या वहीमुळे एक प्रश्न आपोआप विचारता येतो. दिवसभरात केलेलं एखादं काम आठवायचं आणि म्हणायचं, हे आज केलं नसतं तर उद्या कुणाचा डबा अडला असता? कुणाचाच नसेल, तर ती धावपळ होती. डब्यांच्या झाकणांवर सोनेरी रिबीन बांधायची म्हणून रविवार पेठेत, बोहरी आळीत जाऊन येणं ही धावपळ. ऑर्डरींची यादी तीन रंगांच्या पेनांनी पुन्हा सुवाच्य अक्षरात लिहिणं हीसुद्धा. रिबीन बांधूच नये असं नाही. बांधा, पण तिला कामात धरू नका.

हा प्रश्न कडक आहे. पहिल्या आठवड्यात तो स्वतःला विचारून पाहा. बरीचशी 'मरायला फुरसत नाही' तिथेच उघडी पडते.

कढई शोधा

आता मुद्द्याचं. कुठल्याही कामात एक जागा अशी असते की जिथून सगळ्यांना जावं लागतं आणि जिचा वेग वाढवता येत नाही. पूर्ण दिवसाचं उत्पादन त्या जागेच्या वेगाने ठरतं. बाकीच्यांनी कितीही जीव टाकला तरी त्याने एक किलोही वाढत नाही. चकलीच्या दिवशी आमच्याकडे ती जागा म्हणजे कढई.

हिशेब करून दाखवते. माझ्या कढईत एका घाण्याला १२ चकल्या बसतात. चकली २० ग्रॅमची धरा, म्हणजे घाणा साधारण पाव किलोचा. मध्यम आचेवर एक घाणा नीट तळायला १० मिनिटं. तासाला ६ घाणे, म्हणजे दीड किलो. ६० किलो चकलीच्या ऑर्डरी घेतल्या असतील तर कढईला ४० तास हवेत. दिवसाला ६ तास तळण चाललं तर सात दिवस. हे गणित तुमच्या हौसेवर, ग्राहकाच्या घाईवर किंवा सासूबाईंच्या आशीर्वादावर अवलंबून नाही.

आता सोऱ्याकडे बघा. हात बसलेली मावशी १२ चकल्या चार मिनिटांत पाडते. म्हणजे तासाला १८०. कढई तासाला ७२ घेते. एकच मावशी न थांबता पाडत बसली तर तासाभरात शंभरावर चकल्या कागदांवर वाट बघत पडतात. दोघी बसल्या तर विचारूच नका. ओटा भरतो, मग जेवणाचं टेबल, मग दिवाणावर वर्तमानपत्रं पसरतात. बघणाऱ्याला वाटतं, काय झपाट्याने उरकतंय!

आणि इकडे चकली वाळत असते. उकडीचं पीठ मळून, सोऱ्यातून काढून पंख्याखाली राहिलं की वरचा ओलावा उडतो. कडेला बारीक चिरा जातात. उचलायला गेलं की वेटोळं मधोमध तुटतं. तेलात सोडलं की काट्यांचे तुकडे सुटे होतात, तळाशी जाऊन करपतात, तेल काळं पडतं आणि पुढचे दोन घाणे कडवट निघतात. म्हणजे जादा पाडलेल्या चकल्यांनी नुसती जागाच अडवली असं नाही, त्यांनी कढईचा वेळ खाल्ला, जो आपल्याकडे मुळातच कमी होता.

मग कुणीतरी शहाणपणा सुचवतं: एका घाण्यात १८ सोड ना! सोडून बघा. थंड पिठाने तेलाचा ताव उतरतो, चकली तेल पिते, वरून रंग येतो आणि आत मऊ राहते. दोन दिवसांनी ग्राहकाचा फोन: "काकू, यंदा चकली सादळलीय का हो?" तो डबा वहीच्या दुसऱ्या रकान्यात. भरपाई म्हणून नवा डबा द्यायचा तर पुन्हा कढईच लागणार.

तुमच्या कामातली कढई ओळखायची खूण सोपी आहे. कुणाच्या पुढ्यात ढीग साचतो ते बघा. आणि "झालं का?" हा प्रश्न दिवसभरात सगळ्यात जास्त कुणाला विचारला जातो ते ऐका. त्याच माणसाला आळशी ठरवलेलं असतं बहुतेक वेळा, बिचारा. मोठमोठ्या मशीनशॉपमध्येसुद्धा असंच शोधतात. ज्या मशीनसमोर ट्रॉल्या रांगेने उभ्या, ते मशीन.

सापडली, आता तिची बडदास्त ठेवा

कढई रिकामी उकळता कामा नये. एवढा एकच नियम पाळला तरी निम्मं काम झालं. घाणा निघाला की पुढच्या १२ चकल्या कागदावर तयार हव्यात. तळणाऱ्या मावशीने मागे वळून "दे गं" म्हणायची वेळ येऊ नये.

तिच्या हातातली इतर सगळी कामं काढून घ्या. दार तिने उघडायचं नाही, फोन तिने घ्यायचा नाही, मीठ चाखायला तिला बोलवायचं नाही, मोलकरीण आलीय का हे तिला विचारायचं नाही. चहा तिच्या हातात नेऊन द्यायचा. ती जेवायला बसली की दुसरीने झारा हातात घ्यायचा, कढई थांबवायची नाही. हे करताना घरात कुरबुर होते. "तिला काय महाराणीसारखं!" मी सांगते, महाराणी ती नाही, कढई आहे. तिच्याकडून एक तास फुकट गेला की दीड किलो चकली गेली, आणि तो तास रात्री जागून परत मिळवायचा तर दमलेल्या हाताने तळलेलं करपतं.

चांगल्या-वाईटाची निवड कढईच्या आधी करा, नंतर नको. वाकडी झालेली, तुटलेली चकली तेलात जायच्या आधीच मोडून पिठात परत घालता येते. तळल्यावर ती फक्त घरात चहाबरोबर खाता येते. आमच्याकडे दिवाळीआधी तीन आठवडे चहाबरोबर तेच असतं, ती गोष्ट वेगळी.

आता सगळ्यात अवघड भाग. बाकीच्यांना थांबू द्या. कढईपुढे दोन घाण्यांची तयारी झाली, की सोरा खाली ठेवायचा. पुढचा घाणा तेलात पडेपर्यंत पाडायचं नाही. त्या वेळात डबे पुसायचे असतील तर पुसा, लेबलं चिकटवा, नाहीतर बसा. गप्पा मारा. हे आपल्या घरांत पचत नाही. "रिकाम्या हाताने काय बसलीस, तेवढ्यात लसूण तरी सोल," हे ऐकतच आपण मोठ्या झालोय. मग बसायला लाजणारी मावशी उद्याचा चिवडा आजच काढते, परवाचं खोबरं आजच किसते, ओटा भरतो, किसलेल्या खोबऱ्याला लवकर खवट वास येतो. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी म्हणतात ते असं. भिंतीला तुंबड्या लावताना न्हाव्याचे हात चालू होते, वेळ जात होता, घाम येत होता. फक्त कुणाचं दुखणं बरं होत नव्हतं.

टोयोटाची उत्पादनपद्धत घडवणाऱ्या ताइइची ओनोंनी कारखान्यातल्या फुकट जाणाऱ्या गोष्टींचे सात प्रकार सांगितले. त्यांत गरजेपेक्षा जास्त, गरजेच्या आधी बनवणं हा सगळ्यांत वाईट धरला, कारण त्याच्या पोटातून बाकीचे निघतात: साठवण, उचलठेव, खराबी, शोधाशोध. भोसरीत आमच्या भिंतीवर त्यांचा तक्ता लावलेला होता. त्याच भिंतीला टेकून जादा मालाच्या ट्रॉल्याही उभ्या असायच्या. तक्ता लावणं सोपं.

आणि मग दुसरी कढई घ्यायची का? घ्या, पण इतकं सगळं करून पाहिल्यावर. बहुतेक घरांत पहिलीच कढई तासातली पंधरा-वीस मिनिटं नुसती तापत असते. ते थांबलं की दुसरी लागत नाही. खरोखरच लागली, तर शेगडी, व्यावसायिक सिलिंडर आणि झारा धरणारा जाणता हात हे तिन्ही आहेत का बघा. दोघींत एक जाणती असेल तर दोन कढया म्हणजे दुप्पट करपणं.

तेल तापायच्या आधीची कामं

कढई चालू असताना जे करता येतं ते कढई थांबवून करू नका. जपानमध्ये शिगेओ शिंगो या इंजिनिअरने प्रेसची डाय, म्हणजे साचा, बदलण्याचा वेळ तासांवरून मिनिटांवर आणला तो याच सूत्रावर: मशीन बंद ठेवूनच करावी लागणारी कामं एकीकडे, मशीन चालू असताना उरकता येणारी दुसरीकडे. स्वयंपाकघरात तेच. उकड मळून झाकलेली हवी. कागद पसरलेले हवेत. चाळण, झारा, निथळायची जाळी, वजनकाटा जागेवर. १९ किलोचा सिलिंडर हलवून बघितलेला आणि भरलेला दुसरा शेजारी उभा. घाण्याच्या मध्यात गॅस संपला आणि पाना शोधायला सगळं घर पालथं घातलं, की अर्धा तास धावपळ भरपूर आणि काम शून्य.

तळण्याचा क्रमही ठरवून घ्या. एकाच तेलात आधी शंकरपाळे, मग साधी शेव, शेवटी तिखटाची चकली. उलट केलं तर शंकरपाळ्यांना ओव्या-तिळाचा वास लागतो आणि तेल गाळा, कढई घासा, पुन्हा तापवा यात तास जातो. एक दिवस एकाच गोष्टीचा असेल तर सर्वांत बरं. 'थोडं थोडं सगळंच' करायचा मोह आवरा. घरच्या फराळाला ते ठीक, पंचवीस घरांच्या फराळाला नाही.

यातली एक जागा तुमच्या घराबाहेर आहे, तिला विसरू नका. पिठाची गिरणी. नवरात्रात गिरणीत सहज नंबर लागतो. कोजागरीनंतर तिथे भाजणीच्या डब्यांची रांग लागते. पुण्यात दुरुस्तीची वीजबंदी बहुधा गुरुवारी येते, तो दिवस गिरणीचाही गेला असं धरा. शिवाय भाजणी गव्हावर दळून चालत नाही, तांदळावर किंवा डाळीवर दळून घ्यायची असते, म्हणजे गिरणीवाल्याच्या सोयीने थांबणं आलं. भाजणी कोरडी ठेवली तर महिनाभर आरामात टिकते. म्हणून ती नवरात्रातच दळून आणायची. आधी करून ठेवू नका असं मी वर सांगितलं आणि आता आधी करा म्हणतेय, यात विसंगती नाही. गिरणी ही कढईसारखीच अडणारी जागा आहे आणि भाजणी टिकते. किसलेलं खोबरं तितकं टिकत नाही आणि त्यासाठी कुणी अडतही नाही.

अनारशांचंही तसंच, फक्त तिथे हिशेब उलटा करायचा. ज्या दिवशी डबा द्यायचा त्यापासून मागे यायचं. तांदूळ तीन दिवस भिजायचे, पाणी रोज बदलायचं, मग निथळून, सुकवून, कुटून, गूळ मिसळून तो गोळा पुढे काही दिवस मुरायला ठेवायचा. यातलं हाताचं काम मोजून दोन-तीन तास. बाकी वाट बघणं. कितीही जणी कंबर कसून उभ्या राहिल्या तरी तांदूळ तीन दिवसांच्या आत भिजत नाहीत, आणि घाई केली तर अनारसा तुपात हसतो, म्हणजे पसरून मोडतो. वसुबारसेला डबा द्यायचा असेल तर कोजागरीच्या सुमारास तांदूळ पाण्यात पडायला हवेत. त्यानंतर आलेल्या अनारशांच्या ऑर्डरीला मी हात जोडते.

नाही कुणाला म्हणायचं

इथे एक हिशेब आहे जो फारसा कुणी करत नाही, आणि माझ्या मते यातच घरगुती धंद्याचा जीव आहे.

समजा एक किलो चकलीमागे सगळा खर्च जाऊन १५० रुपये सुटतात आणि एक किलो शंकरपाळ्यांमागे १००. कुणालाही वाटेल, चकली जास्त घ्यावी. पण कढईला विचारा. चकली तासाला दीड किलो निघते, म्हणजे तासाचे २२५ रुपये. शंकरपाळ्यांचा घाणा अर्ध्या किलोचा बसतो, वेळ तितकाच, तासाला ३ किलो, म्हणजे ३०० रुपये. किलोमागे चकली जिंकते, तासामागे शंकरपाळे. आणि आपल्याकडे कमी काय आहे? किलो नाहीत, ते मार्केट यार्डात हवे तेवढे मिळतात. कमी आहेत कढईचे तास.

याहून पुढे जा. पातळ पोह्यांच्या चिवड्याला तळणीची कढई जवळजवळ लागतच नाही. पोहे भाजले, फोडणी केली, झालं. बेसनाच्या लाडवांना दुसरी शेगडी आणि धीर पुरतो. म्हणजे चिवडा आणि लाडू हे कढईला धक्का न लावता पैसे आणतात. जिथे कढई अडलेली आहे तिथे फोनवर मी हेच सुचवते: "चकली अर्धा किलोच घ्या, त्याऐवजी चिवडा एक किलो देते." दहांत सात जण ऐकतात. उरलेल्या तिघांना चकलीच हवी असते, त्यांना भाव जास्त सांगावा. पुण्यात गिऱ्हाईकाला स्पष्ट सांगितल्याचं कुणाला वाईट वाटत नाही, सवय आहे.

फोन

व्हॉट्सअॅप हा धावपळीचा राजा. सकाळी सातला "काकू, यंदाचे भाव?" आणि रात्री अकराला "काकू, कडबोळी करता का?" प्रत्येकाला छान, सविस्तर, नमस्काराचे हात जोडून उत्तर दिलं की दिवस गेला, आणि वाटतं केवढं काम केलं.

व्हॉट्सअॅप बिझनेस घ्या, फुकट आहे. त्यात कॅटलॉग लावता येतो, ठरलेली उत्तरं साठवून एका टिचकीत पाठवता येतात, आणि ठरावीक वेळेत आपोआप जाणारा निरोप ठेवता येतो. माझा निरोप असा आहे: "भाव कॅटलॉगमध्ये आहेत. ऑर्डर लिहून पाठवा: पदार्थ, किलो, कुठल्या दिवशी हवं. दुपारी दोन आणि रात्री आठला उत्तर देते." मधल्या वेळात फोन कपाटावर. पहिल्या आठवड्यात दोघी-तिघी रुसतात. तुमचा फराळ चांगला असेल तर परत येतात. पुण्यातली दुकानं दुपारी १ ते ४ बंद म्हणून सगळा महाराष्ट्र हसत आला, पण त्या दुकानदारांना आपला माल किती वाजता संपतो ते पक्कं ठाऊक होतं.

हातात घेतलेली कामं मोजा

ग्राहक विचारतं, "कधी मिळेल?" आणि आपण तोंडाला येईल ते सांगतो. त्याची गरज नाही. जॉन लिटल नावाच्या संशोधकाने १९६१ साली एक साधा नियम सिद्ध केला. रांगांचं गणित आहे, पण शाळकरी भागाकाराने जमतं. हातात घेतलेल्या, पुऱ्या न झालेल्या ऑर्डरी ४०. रोज सरासरी ८ पुऱ्या होतात. तर आज येणाऱ्याला सरासरी ५ दिवस लागणार. आणखी ४० घेतल्या आणि कढई तीच राहिली, तर त्यानंतर येणाऱ्याला १० दिवस. आधी आलेल्यांच्या मधे तुम्ही ओळखीच्या कुणाला घुसवलंत, तर ज्यांना आधी पाच दिवस सांगितलेत त्यांच्याशी खोटं बोललात.

म्हणून वेळ कमी करायचे दोनच मार्ग आहेत. रोज पुऱ्या होणाऱ्या वाढवा, म्हणजे कढई सांभाळा. किंवा एकावेळी हातात कमी घ्या. मी दुसरं आधी करते. भिंतीवर एक फळा आहे. त्यावर जेवढ्या ओळी मावतात तेवढ्याच ऑर्डरी चालू. एक पुसली की पुढची लिहायची. बाकीच्या दुसऱ्या वहीत, तारीख टाकून. अर्धवट डब्यांचे ढीग घरात दिसेनासे होतात, "या डब्यात लाडू घातले होते का गं?" ही शोधाशोध थांबते, आणि गंमत म्हणजे कमी हातात घेऊन जास्त बाहेर जातात.

ज्यांच्याकडे कढई नाही

माझी पुतणी हिंजवडीला आयटीत आहे. सकाळी वाकडच्या पुलावर अडकते, संध्याकाळी पुन्हा तिथेच, आणि मधे दिवसभर मीटिंगा. "काकू, काम रात्री नऊनंतर सुरू होतं." चॅटवर नावापुढे हिरवा ठिपका राहावा म्हणून त्यांच्याकडे लोक अधूनमधून माउस हलवतात म्हणे. तुंबड्या, दुसरं काय.

तिला मी एवढंच विचारलं, ढीग कुणापुढे साचतो? तिने क्षणभरही विचार केला नाही. तिच्या टीममध्ये सगळे कोड लिहितात, पण तो तपासून पुढे सोडणारे अनुभवी दोघंच. सगळ्यांचं काम त्या दोघांच्या रांगेत. आणि सगळ्यांत जास्त मीटिंगांना बोलावणं कुणाला? त्याच दोघांना. म्हणजे तळणाऱ्या मावशीला दर दहा मिनिटांनी दार उघडायला पाठवल्यासारखं. रांग वाढली की बाकीचे काय करतात? नवीन कोड लिहायला घेतात, कारण रिकामं दिसायचं नसतं. रांगेत पडलेला कोड चकलीसारखा वाळतो: आठवड्याने तपासायला घेतला की लिहिणाऱ्यालाच आठवत नाही आपण असं का लिहिलं, आणि मधे दुसऱ्याने काही बदललेलं असतं.

तिने वरिष्ठांकडे गाऱ्हाणं नेलं नाही, ते बरं केलं. टीममध्ये एवढंच ठरवून घेतलं: नवीन काम सुरू करायच्या आधी रांगेतलं एक तपासायचं, नवख्यांनीसुद्धा, सोपी चूक तरी पकडायची. म्हणजे त्या दोघांकडे जाणारं आधीच निवडलेलं जातं. आणि त्या दोघांना दुपारी दोन ते चार मीटिंग नाही. कॅलेंडरवर तसं लिहून टाकलं.

तुम्ही एकटेच काम करत असाल, तर कढई बहुधा तुमचं ताजं डोकं असतं. माझं सकाळी सहा ते नऊ चालतं. त्या वेळात मी हिशेब, भाव ठरवणं, खरेदीची यादी हे करते. वर्तमानपत्र, फोन आणि भाजी निवडणं नंतर. मार्केट यार्डची खेप एका यादीत बसवायची, दर दोन दिवसांनी शेंगदाणे आणायला जायचं नाही. तुमचं डोकं रात्री चालत असेल तर रात्री. पण त्या वेळेला दार उघडायला जाऊ नका.

एक शंका, जी हमखास येते

"बसून राहिलेल्या मावशीला पैसे का द्यायचे?" हे मला अनेकींनी विचारलंय, रागानेच. तर आकडा काढू. समजा मावशीचा रोज ६०० रुपये, आठ तासांचा. अर्धा तास बसली तर साडेसदतीस रुपये. तिने त्या अर्ध्या तासात बसायचं टाळण्यासाठी ९० चकल्या जादा पाडल्या आणि त्यांतला एक घाणा वाळून मोडला, तर पाव किलोचं पीठ, तीळ, तेल गेलं, कढईची १० मिनिटं गेली आणि पुढच्या घाण्याला कडवट तेल मिळालं. कढईच्या १० मिनिटांची किंमत वर काढलीच आहे: चकलीला साडेसदतीस, शंकरपाळ्यांना ५०. म्हणजे एक मोडलेला घाणा मावशीच्या अर्ध्या तासाच्या बसण्याएवढा नुसत्या वेळेतच पडला, माल वेगळा. माझ्या मावश्या बसतात. एकीने मागल्या वर्षी त्या वेळात नातवाचा स्वेटर पुरा केला. पाठ भरली होती, गळा तेवढा राहिला होता, तो पाडव्याला झाला.